मदत हवी आहे: मोठी मोटार कंपनी चालते कशी?

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्प याच विषयावर करतेय. जनरल मोटर्सचं कळलं: १९२३ मध्ये अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी शेव्हर्ले, ब्यूइक, कॅडिलॅक हे विभाग आपापले चालू दिले, पैशाच्या नाड्या मात्र मुख्य कार्यालयाच्या हाती.

अडलंय ते आपल्या टाटा मोटर्सपाशी. २०२५ मध्ये ट्रक-बस आणि प्रवासी गाड्या अशा दोन वेगळ्या कंपन्या झाल्या; जग्वार लँड रोव्हर प्रवासी गाड्यांकडे गेली. पण पुण्यात तर दोन्ही बनत आल्यात! मग सुट्या भागांची खरेदी, कामगारांच्या बदल्या आता कोण ठरवतं?

खरेदी किंवा उत्पादन नियोजनात काम केलेलं कुणी अर्धा तास बोलेल का? दादर, ठाणे, कुठेही येईन. महिनाअखेरीस प्रकल्प द्यायचाय.