पुरातली 'अफवा': तुमचे अनुभव लिहा

आज सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघितली आणि 2019चा ऑगस्ट आठवला. इशारा 40 फुटांना, धोका 45ला, त्या वर्षी पाणी 57च्या वर गेलेलं. आम्ही सांगलीत, नदीजवळ. रात्री शेजारच्या काकूंनी दार बडवलं, "धरण फुटलंय म्हणे!" आईनं देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले, आम्ही गच्चीवर. धरण काही फुटलं नव्हतं. पण दोन दिवस आधी मी ग्रुपवर "धरणातला विसर्ग वाढतोय, सामान वर घ्या" टाकलं, तेव्हा एका पुढाऱ्याच्या माणसानं दरडावलं, "अफवा पसरवू नका, गुन्हा दाखल होईल." मी मेसेज काढला. समोरच्या आजोबांनी काहीच हलवलं नाही. काकूंचं बोलणं आणि माझा मेसेज, दोन्ही अफवाच? अजून सलतं.

पंचगंगाकाठ: आमच्यात राधानगरी धरणावरनं भांडणं. दरवाजे स्वयंचलित, पाणी चढलं की आपोआप उघडतात. तरी "मुद्दाम उघडले" म्हणणारे होतेच.

शिरोळकर: आणि अलमट्टी, कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण? त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पूर येतो म्हणतात. पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 साली सांगितलं की पूर अलमट्टीमुळं नाही. मामा म्हणतात समितीच खोटी, भाऊ म्हणतो मामाच अफवा पसरवतात. कर्नाटकाला धरणाची उंची 519.60वरून 524.256 मीटर करायची आहे, म्हणून मामांची भीती मला नुसती खोटी म्हणवत नाही.

वकीलीण: ताई, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005, कलम 54. आपत्तीचा खोटा इशारा पसरवला आणि घबराट झाली, तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तुम्ही विसर्गाचं खरं तेच लिहिलंत. मेसेज काढायला नको होता. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

डोंगरवाट: उत्तराखंडातलं जोशीमठ आठवा. जानेवारी 2023. इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून 12 दिवसांत 5.4 सेंटीमीटर जमीन खचल्याचं निघालं, तर लगेच संस्थांना माध्यमांशी बोलू नका म्हणून कळवलं. कारण काय, तर गोंधळ होतो. भेगा तर लोकांच्या भिंतींत होत्या!

पंचगंगाकाठ: देव पदरात वाचून रडू आलं. आमच्या आजीनं तर तुळसच उचलून माडीवर नेली, कुंडीसकट.

शिरोळकर: विषय सोडून विचारतो, भिजलेला सातबारा कसा वाळवायचा? पानं चिकटलीत.

वकीलीण: उन्हात नको दादा, सावलीत. ओढून सोडवू नका. नाहीतर तलाठ्याकडून नवा उतारा घ्या.

धागाकर्ती: ताई, आता मेसेज काढणार नाही. समोरच्या आजोबांच्या दुकानाच्या वह्या गेल्या पुरात. चिखलातनं एकेक पान सोडवत बसलेले, मी बघत होते.