सीमेपार घरी पोचवलं, पण गोळ्यांचं काय?

सह्यभटक्या: रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम म्हटलं की कर्जतचे डॉ. भरत वाटवानी आठवतात. 2018 चा मॅगसेसे त्यांना त्यासाठीच मिळाला. मी एका छोट्या संस्थेत जमेल तसा जातो. कल्याण स्टेशनजवळ सापडलेला एक जण होता. आम्ही त्याला बिहारी समजून चाललो होतो. दीड महिना गोळ्या घेतल्यावर वरण ओरपताना अचानक म्हणाला, "हमारे बुटवल में दाल गाढ़ी होती है." बुटवल म्हणजे नेपाळ! गोरखपूर, सुनौली करत सोडून आलो. आई दारातच बसली, उठेचना.

चार महिन्यांनी फोन आला, पुन्हा निघून गेलाय. सोबत दिलेल्या महिन्याभराच्या गोळ्या संपल्या. चिठ्ठीवर इथल्या ब्रँडची नावं, तिथल्या दुकानदाराला काय कळणार? म्हणून म्हणतो, दोन्ही देशांनी सीमेलगतची ठरावीक रुग्णालयं नेमावीत आणि रुग्ण कागदोपत्री एकमेकांकडे सोपवावा.

गडचिरोलीकर: भावना पोचल्या. पण आमच्याकडे त्याच गोळीसाठी एसटीने दिवस मोडून जिल्ह्याला जावं लागतं. आधी ते बघा की. आणि करार झालाच तर फाइल दिल्ली-काठमांडू फिरत राहील. आज निदान तुमच्यासारखा कुणी उठतो आणि गाडीत बसतो. उद्या म्हणतील, परवानगी कुठाय?

निशिगंधा_ठाणे: नेपाळची सीमा खुली आहे म्हणून हे सुचतंय. बांगलादेशची बाई असेल तर? मी पाहिलीय. पूर्ण बरी, गावाचं, शाळेचं नाव सांगते, तरी राष्ट्रीयत्वाची पडताळणी होईना. दुसरी दिवाळी इथेच, पणत्या रंगवत. तिथे गाडीत बसून काय उपयोग? सरकारं बोलल्याशिवाय ती हलणार नाही.

गडचिरोलीकर: बांगलादेशपुरतं मान्य. नेपाळसाठी नाही.

अडाणी_वकील: सोपवायचं म्हणजे त्याचा आजार किती टेबलांवरून जाणार, याचा विचार केलात? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क आहे. सीमेवरच्या शिपायाला कळलं की गावाला कळलं. दुसरं, त्याला जायचं होतं का, हे विचारलंत? घरच्यांनीच हाकललेल्या बायका कमी नसतात.

सह्यभटक्या: खरं सांगायचं तर नाही विचारलं. गावाचं नाव सांगितलं यालाच आम्ही होकार समजलो. चुकलंच. मग कागद पोलिसांकडे नको, रुग्णाच्याच खिशात असू दे. त्यावर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि तिकडच्या डॉक्टरचा नंबर, बस. पण तो डॉक्टर आधी ठरलेला हवा. माझा हट्ट तेवढाच आहे.

पुढच्या महिन्यात एक जण रक्सौलमार्गे निघतोय, या वेळी त्याला विचारून. नेपाळीत चिठ्ठी लिहून देणारं आहे का कुणी इथे?