खारघरची गळकी खिडकी: पाणी येतंय कुठून?

प्रति: सर्व सभासद
नमस्कार मंडळी,
खारघरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खिडकी नैऋत्येला. टू-ट्रॅक स्लायडिंग, खाली ग्रॅनाइट. वाऱ्याचा पाऊस आला की डाव्या कोपऱ्यातून पाणी येतं. भाडेकरूंनी दोनदा सिलिकॉन मारून घेतलं, फरक शून्य. परांची बांधायच्या आधी काय तपासून घेऊ?

उत्तर
ताई, सिलिकॉन नेमकं कुठे मारलंय त्याचा फोटो आधी मागवा. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात, साचलेलं पाणी तिथून जातं. कारागीर हमखास तीच बुजवतात. मग ट्रॅक भरतो आणि वारा ते पाणी आतल्या काठावरून घरात ढकलतो. भोकं कटरने मोकळी करा, गाळ टूथब्रशने काढा, मगभर पाणी ओता. ते बाहेर पडायला हवं.

एवढ्याने भागलं नाही, तर कोरड्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून पुढची चाचणी करून घ्या. भोकांवर चिकटपट्टी लावून ट्रॅक अर्धा भरायचा, पातळीवर पेन्सिलची खूण करायची, पंधरा मिनिटं थांबायचं. पातळी उतरली तर फ्रेमचा कोपरा किंवा ट्रॅकमधली स्क्रूची भोकं गळताहेत. हे आतूनच दुरुस्त होतं, परांची नको. चिकटपट्टी मात्र आठवणीने काढा!

पातळी हलली नाही तर उजवं दार चार बोटं सरकवून पाण्याचा पाइप बाहेर काढा आणि बाहेरून फ्रेम-भिंतीच्या सांध्यांवर पाणी मारा. आधी खालचा सांधा, मग डावी बाजू, मग वरचा सांधा, प्रत्येकी दहा मिनिटं. आतून कोपऱ्याला वर्तमानपत्र दाबून धरा, ओल लगेच दिसते. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जातो आणि काहीच कळत नाही.

उत्तर
थोडी पुरवणी. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास पाणी झिरपत असेल तर संशय भिंतीवर: छज्जा आणि भिंतीच्या सांध्यातला वाटा (सिमेंटचा गोलसर भराव) फुटलेला, किंवा बीम आणि विटांमध्ये चीर. ऐन उन्हाळ्यात ओल आली तर एसीचा ड्रेन पाइप बघा. ग्रॅनाइटवर गोटीही ठेवून बघा. आत घरंगळली तर उतारच उलटा, तिथे सिलिकॉनचा काही इलाज नाही. भिंतीतून गळत असेल तर सोसायटीला लेखी कळवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाच्या कामांत धरली आहे.

उत्तर
सिलिकॉनबद्दल एकच. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंट-दगडाला नीट धरत नाही. न्यूट्रल क्युअर (तसा वास न येणारं), वेदर सीलंट म्हणजे बाहेरच्या ऊन-पावसासाठीचं मागा. जुनं पूर्ण खरवडा, जागा खडखडीत कोरडी हवी. फट मोठी असेल तर आधी आत फोमची दोरी दाबून बसवा. 5 × 4 फुटी खिडकीचा घेर साधारण साडेपाच मीटर. 6 मिमीच्या रेघेला 300 मिलीची एक नळी पुरते. कारागीर चार नळ्यांचं बिल लावू लागला तर चार खिडक्या करून घ्या.