एक्स-रेमध्ये मोडलेले हाड आणि झिजलेला सांधा कसा ओळखावा?

प्रश्न (खानापूर तालुका)
आईचा गुडघा वर्षभर दुखत होता आणि गेल्या आठवड्यात पावसात मोटारसायकल घसरून धाकटा भाऊ उजव्या तळहातावर पडला, म्हणून दोघांचेही एक्स-रे बेळगावला जाऊन एकदमच काढून आणले. भावाच्या अहवालात ‘फ्रॅक्चर दिसत नाही’ असे आहे; तरी अंगठ्याच्या मुळाशी दाबले की तो हात झटकतो. आईच्या अहवालात सांध्यातील फट कमी झाल्याचा उल्लेख आहे. मात्र गुडघ्यामागे वाटाण्याएवढा गोल तुकडा दिसतो, आणि शेजारच्या काकांनी फिल्म खिडकीशी धरून ‘हाडाचा टवका उडालाय’ असे सांगितल्यापासून आई पाऊल टाकायलाच घाबरते.

उत्तर १ (एक्स-रे तंत्रज्ञ, निपाणी)
काकांना घाई झालेली दिसते. काही जणांच्या पोटरीच्या स्नायूच्या कंडरेत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) ‘फॅबेला’ नावाचे छोटे जादा हाड असते, आणि बाजूने काढलेल्या फिल्मवर ते नेमके गुडघ्यामागे दिसते. त्याची कड गुळगुळीत असून तिला सभोवार पांढरी किनार असते. ताज्या तुटलेल्या तुकड्याची एक बाजू तरी ओबडधोबड व किनारीविना असते आणि तो जिथून निघाला ती जागा सहसा शेजारीच सापडते. तरीही खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

फट म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत मऊ अस्तर) एक्स-रेवर उमटत नाही, म्हणून फट अरुंद झाली की कूर्चा झिजली असे समजतात. झिजेच्या संधिवातात फट बहुधा आतल्या बाजूला आधी कमी होते, लगतचे हाड अधिक पांढरे दिसते आणि कडेला टोके वाढतात. आमवातात मात्र सांध्याजवळचे हाड विरळ होऊन कमी पांढरे दिसते आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. दोन्ही हातांचे सांधे सारखेच धरले जाणे हीही त्याची खूण. फिल्म उभे राहून काढली होती का? आडवे झोपवून काढली तर अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही आणि झीज असते त्याहून कमी दिसते.

उत्तर २ (अस्थिरोग डॉक्टर, बेळगाव)
मला काळजी भावाची वाटते. अंगठा ताणल्यावर मनगटाशी दोन कंडरांमध्ये जो खळगा पडतो, तिथेच दुखत असेल तर स्कॅफॉइड या मनगटातल्या छोट्या हाडाच्या फ्रॅक्चरचा संशय धरावा लागतो. हे फ्रॅक्चर पहिल्या फिल्मवर पुष्कळदा दिसत नाही. म्हणून अशा वेळी मनगट स्प्लिंटमध्ये (आधाराच्या पट्टीत) ठेवून १० ते १४ दिवसांनी, मनगट करंगळीकडे वळवून घेतलेल्या फिल्मसह, पुन्हा एक्स-रे काढतात. लवकर निदान हवे असल्यास एमआरआय करतात. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकातून होतो, त्यामुळे दुर्लक्ष झाल्यास कोपराकडचा तुकडा सांधत नाही, कधी मृतही होतो. ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नका, उद्याच दाखवा.

प्रश्नकर्ता
आईची फिल्म झोपवूनच काढली होती. भावाला उद्या सकाळच्या बसने घेऊन येतो.

उत्तर १
पहिली फिल्मही सोबत आणा. नवी फिल्म तिच्या शेजारी लावूनच पाहायची असते.