विषय: बैरूतला बदली – घराच्या करारात काय बघायचं?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,
ओळखीचं एक कुटुंब लेबनॉनची राजधानी बैरूतला राहायला जातंय. घरमालकाने पाठवलेल्या कागदावर "इश्तिराक ५ अँपिअर, भाडं फ्रेश डॉलरमध्ये" असं आहे. सही करण्याआधी दोन्हींचा अर्थ कळायला हवा.

---

प्रेषक: सुनील

अनघाताई,
इश्तिराक म्हणजे गल्लीतल्या खाजगी जनरेटरची वर्गणी. सरकारी कंपनीची वीज (तिथे 'दौले', म्हणजे 'सरकार', एवढंच म्हणतात) दिवसातले थोडेच तास असते, बाकीचा दिवस जनरेटरवर. ५ अँपिअर गुणिले २२० व्होल्ट म्हणजे ११०० वॅट. त्यात फ्रिज, दिवे, टीव्ही, राउटर निघतात. पाणी तापवायची टाकी एकटीच १५०० वॅट घेते; ती चालू केली की ब्रेकर पडतो. बऱ्याच ठिकाणी तो ब्रेकर घरात नसून जनरेटरवाल्याच्या पेटीत, तळघरात किंवा रस्त्यावर असतो. रात्री पडला तर त्याच्या माणसाला फोन. एसी लागणार असेल तर १० अँपिअरच मागा. आणि पाणी तापवायचं ते 'दौले' असताना.

मीटरचा आग्रह धरा. २०१७ पासून जनरेटरवाल्यांवर मीटरची सक्ती आहे, आणि ऊर्जा मंत्रालय दर महिन्याला युनिटचा दर जाहीर करतं. तरी काही जण अँपिअरमागे ठोक रक्कम लावतात, मग घर बंद ठेवलं तरी बिल तेवढंच. जनरेटरवाला बदलता येईल असं समजू नका. एका गल्लीत एकच, वाटण्या ठरलेल्या. राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण वीज 'दौले'वरून जनरेटरवर जाताना मध्ये काही सेकंद जातात.

---

प्रेषक: मेधा

डॉलरचं मी सांगते. १९९७ पासून १ डॉलर म्हणजे १५०७.५ लिरा (लेबनॉनचं चलन) असा बांधलेला दर होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये बँकांनी खाती गोठवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने कर्जरोख्यांची परतफेड थांबवली. त्या आधी बँकेत असलेले डॉलर कागदावर आहेत, हातात नाहीत. लोक त्यांना 'लोलार' म्हणतात. मध्यवर्ती बँकेच्या १५८ क्रमांकाच्या परिपत्रकाने २०२१ पासून त्यातले महिन्याला ठरावीक डॉलर रोख काढता येऊ लागले. बाहेरून नव्याने आलेले किंवा रोख असलेले ते 'फ्रेश'.

त्यामुळे कुणी जुन्या खात्यावरचा डॉलरचा चेक देऊ केला तर घेऊ नका, त्याची रोख किंमत आकड्याच्या अगदी थोड्या हिश्श्याएवढी असते. पगारासाठी फ्रेश खातं वेगळं उघडून घ्या. २०२३ च्या मध्यापासून बाजारभाव ८९,५०० लिराच्या आसपास टेकलाय. एक लाख लिराची नोट २०१९ मध्ये ६६ डॉलरची होती, आता सव्वा डॉलरचीही नाही. डॉलरच्या नोटा नेताना फाटक्या, शिक्का मारलेल्या किंवा निळी पट्टी नसलेल्या जुन्या शंभराच्या नेऊ नका. चलन बदलून देणारा किंमत कापून घेतो नाहीतर नोट परत करतो.

---

प्रेषक: अनघा

आभार! पण इतकी वर्षं वीज कुणीच का सुधारत नाही?

---

प्रेषक: सुनील

१९९४ चा विजेचा दर नोव्हेंबर २०२२ पर्यंत तसाच होता. वीजकेंद्रांना लागणारं तेल महागलं, तोटा तिजोरीतून भरला, तिजोरी आटल्यावर तेल येईना. १७ ऑगस्ट २०२४ ला शेवटचं चालू वीजकेंद्र इंधन संपून बंद पडलं, तेव्हा विमानतळासकट सगळीकडची सरकारी वीज गेली. पण दर वाढवायचा, केंद्र कुठे बांधायचं, हे ठरवायला सगळे धार्मिक गट राजी हवेत. राष्ट्राध्यक्ष मारोनी (एक ख्रिश्चन पंथ), पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. संसदेच्या १२८ जागा ख्रिश्चन आणि मुस्लिम अशा निम्म्या-निम्म्या. अडवायची ताकद प्रत्येकाकडे आहे.

शिवाय मतदान राहत्या जागी नाही, वडिलांच्या नोंदीच्या गावी. लग्नानंतर बाईची नोंद नवऱ्याच्या गावी जाते. आपल्या चाकरमान्याचं नाव मुंबईच्या यादीत आलं की गावचं सुटतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. म्हणून बैरूतच्या गल्लीतल्या जनरेटरवाल्याशी भांडणाऱ्या भाडेकरूचं मत त्या गल्लीच्या खासदाराला बहुधा लागतच नाही.

---

प्रेषक: मेधा

एक राहिलं: करारात पाण्याचंही विचारा. उन्हाळ्यात नळ आटला की टँकर लागतो, आणि त्याचे पैसे इमारतीच्या वर्गणीत की वेगळे, यावरूनच जास्त वाद होतात.