माद्रिदचा निकाल हारामाच्या काठी लागला की एब्रोच्या?

रामबागकर: स्पेनच्या यादवीत माद्रिद वाचलं ते नोव्हेंबर १९३६ मध्ये, वेशीवरच्या लढाईत, असं सगळे धरून चालतात. मला पटत नाही. समोरून धडका मारून उपयोग नाही हे प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा सेनापती फ्रँको, त्याने २३ नोव्हेंबरलाच ओळखलं. मग ठरलं, माद्रिदला रसद आणणारा व्हॅलेन्सियाचा रस्ता तोडायचा. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्याच्या मोरोक्कन सैनिकांनी पहारेकरी गुपचूप कापून हारामा नदीवरचा पूल घेतला, टेकड्याही घेतल्या. तरी महिनाअखेर रस्ता प्रजासत्ताकाकडेच! मार्चमध्ये माद्रिदजवळच्या ग्वादालाहाराला फ्रँकोच्या मदतीला आलेली मुसोलिनीची मोटारवाली फौज चिखलात अडकून मागे हटली, दुसरा फासही सुटला. वेढ्यात तटापेक्षा रसदेची वाट मोठी. पानिपतावर भाऊंची दिल्लीची वाट तुटली तेव्हा काय झालं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

छत्रीबाग: रस्ता राखायला आधी शहर हातात असावं लागतं ना? ६ नोव्हेंबरला सरकार व्हॅलेन्सियाला निघालं, जाताना शहर ज्याच्यावर सोपवलं त्या जनरल मिआहाच्या हाती बंद लिफाफा, ‘सकाळी उघडा’ म्हणून. त्याने तो आधीच फोडला, तर आत दुसऱ्याच जनरलसाठीचा हुकूम! अशा गोंधळात शहर टिकलं. दुसऱ्या दिवशी मेलेल्या शत्रू अधिकाऱ्याकडे हल्ल्याचा अख्खा आराखडा सापडला आणि मिआहाचा प्रमुख साहाय्यक व्हिसेंते रोहोने रातोरात तुकड्या शहराच्या पश्चिमेच्या कासा दे काम्पो उद्यानाकडे वळवल्या. फ्रँकोची माणसं विद्यापीठाच्या इस्पितळापर्यंत पोचली, आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच बसली. पुढे काही सरकता आलं नाही. निकाल याला म्हणतात.

रामबागकर: तो आराखडा मिळाला हे नशीब. हारामाला नशीब नव्हतं, नुसती माणसं खर्ची पडली.

नारायणबाग: दोघंही ‘वाचलं, वाचलं’ करताय. वाचलं कुठे? २८ मार्च १९३९ ला पडलंच, आणि तेही न लढता. प्रजासत्ताकाचं कंबरडं मोडलं १९३८ मध्ये एब्रो नदीवरच्या लढाईत, जुलै ते नोव्हेंबर. जानेवारीत बार्सिलोना गेलं. ५ मार्चला माद्रिदमध्येच कर्नल कासादोने आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं. आपलं हडपसर बघा. २५ ऑक्टोबर १८०२, यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज उधळली, पुणं हाती आलं. इंदूरकरांना अभिमान आहे, असावाच. पण पेशवा दुसरा बाजीराव निसटला, ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह, आणि मे १८०३ मध्ये त्यांच्या पलटणींच्या जोरावर पुन्हा पुण्यात. मैदान कुणी मारलं, राज्य कुणाच्या हाती गेलं!

लष्कर_ग्वाल्हेर: दौलतराव स्वतः त्या दिवशी रणात नव्हते, एवढी नोंद असू द्या. चालू द्या तुमचं.

छत्रीबाग: भिया, पुण्याला वेढा कुठे होता? तुलना लंगडी आहे. कासादोचं म्हणणं मात्र खरं.

रामबागकर: एब्रोपर्यंत गाडं पोचलं तेच हारामामुळे. फेब्रुवारी ३७ मध्ये रस्ता तुटला असता तर प्रजासत्ताकाचा पुढचा पंतप्रधान नेग्रिन, त्याला ती मोहीम काढायला सवडच मिळाली नसती.

नारायणबाग: सवड मिळून केलं काय? नेग्रिन युरोपात महायुद्ध पेटेल या आशेवर होता. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटनच्या पंतप्रधान चेंबरलेनने हिटलरशी तडजोड करून ती आशा घालवली.

रामबागकर: आणि माद्रिद पडल्यावर पाचच महिन्यांत युद्ध पेटलं. तेवढं थांबले असते तर? म्हणून माझा राग कासादोवर.

छत्रीबाग: उपाशी शहराला आणखी पाच महिने थांबा म्हणून सांगणार कोण? तुमचीच रसदेची गोष्ट ना ती?