सल्ला हवा: घरातल्या जुन्या फोन-वायरिंगमुळे ब्रॉडबँड तुटतंय, काय बदलू?

पोफळीची बाग
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, वाडी जरा आत आहे. फायबर अजून पोचलेलं नाही. मोबाईलला रेंज हवी तर मागच्या आगरात जाऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे बाबांच्या लँडलाईनवरचं ब्रॉडबँड हाच आधार. मुलगी बारावीला आहे, तिचे तास त्यावरच चालतात.

पाऊस लागला की दिवसातून दहा-बारा वेळा लाईन तुटते. कोणी फोन उचलला की हमखास तुटते. मोडेमच्या पानावरचे आकडे असे: डाउनस्ट्रीम (येणारा वेग) ३.१ एमबीपीएस, अटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते) ३४ डीबी, एसएनआर मार्जिन एरवी ५-६ आणि तुटण्याआधी २ पर्यंत खाली.

वायरिंग वीस वर्षांपूर्वीचं. खांबावरून वायर ओटीवरच्या डबीत येते. तिथून एक फाटा माजघरात, एक बाबांच्या खोलीत आणि एक माडीवर. मोडेम आणि स्प्लिटर (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणारा) माडीवर आहेत. बाबांचा फोन त्यांच्या खोलीत थेट डबीला लावलेला आहे, माजघरातला फोन कधीच काढून टाकला. नवा मोडेम घ्यावा का?

सह्याद्रीचा वारा
माझ्याकडे मोडेम बदलल्यावर बराच फरक पडला होता. जुना असेल तर बदलून बघा.

लाईनवरचा माणूस
ताई, मोडेमवर आत्ता पैसे घालू नका. मी सव्वीस वर्षं टेलिफोनच्या लाईनवर काढली. तुमचे आकडे वाचूनच कळतंय की दोष वायरीत आहे.

३४ डीबी अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून वायरीने साधारण अडीच किलोमीटर. एवढ्या अंतरावर एडीएसएल२+ ला, म्हणजे फोनच्या तांब्याच्या तारांवरच्या तुमच्या ब्रॉडबँडला, ८-१० एमबीपीएस सहज मिळायला हवेत. तुम्हाला ३ मिळतात, म्हणजे बाकीचं कुठेतरी गळतंय. मार्जिन म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्याची शिल्लक. सहसा ६ डीबी शिल्लक धरून मोडेम वेग ठरवतो. ती २ वर आली की जरा खरखर झाली तरी जोडणी सुटते.

तुमच्या घरात तीन चुका दिसतात. पहिली, बाबांचा फोन फिल्टरशिवाय आहे, म्हणजे फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे ठेवणारं काही मध्ये नाही. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतं आणि ब्रॉडबँड त्याच दोन तारांवर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. रिसीव्हर उचलला की फोन अख्ख्या लाईनवर भार टाकतो, म्हणून तुटतं. माडीवरचा स्प्लिटर फक्त त्याच्या पुढे लावलेल्या फोनला आवरतो. बाबांचा फोन त्याच्या मागे राहिलाय.

दुसरी चूक माजघरातला रिकामा फाटा. टोकाला काही नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण सिग्नल त्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलला कापतो. २५ मीटरचा मोकळा फाटा असेल तर २ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग खाल्ला जातो, ५० मीटरचा असेल तर १ च्या आसपासचा. म्हणजे ऐन कामाचा पट्टा.

तिसरी गोष्ट जोड. पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड आपल्या खाऱ्या हवेत पाच वर्षंसुद्धा टिकत नाहीत.

आधी परीक्षा करा. ओटीवरच्या डबीतले घरात जाणारे सगळे फाटे सोडवा आणि मोडेम तिथेच थेट लावा. एक रात्र राहू द्या, सकाळी आकडे लिहा. आकडे सुधारले तर दोष घरात. नाही सुधारले तर बाहेरच्या लाईनची तक्रार आकड्यांसकट नोंदवा. खांबापासून डबीपर्यंतची वायर कंपनीची, तिला हात लावू नका.

एक गोष्ट जपा. लाईनवर ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना ७५ च्या आसपास एसी येतो, चांगला झटका बसतो. हात ओले नकोत, आणि वीज कडाडत असताना तर डबी उघडूच नका.

पोफळीची बाग
काका, खूप आभार. परीक्षा केली. ओटीवर ८.७ एमबीपीएस, मार्जिन १०! म्हणजे दोष घरातच. पण बाबांना फोन त्यांच्या खोलीतच हवा. मग नवी वायर सगळीकडे ओढायची का?

लाईनवरचा माणूस
नाही. स्प्लिटर माडीवरून काढून ओटीच्या डबीपाशी आणा. त्याला तीन तोंडं असतात. बाहेरची वायर 'लाईन'ला. 'फोन'च्या तोंडाला घरातलं जुनं वायरिंग. फाटे असोत, जुने जोड असोत, स्प्लिटरच्या पुढे गेले की ब्रॉडबँडला त्यांचा त्रास नाही. 'मोडेम'च्या तोंडापासून मोडेमपर्यंत एकच नवी वायर, मध्ये एकही जोड नको.

वायर पिळाची घ्या, चपटी नको. कॅट-५ केबलची एक जोडी छान चालते. पण दोन्ही तारा एकाच जोडीतल्या हव्यात, निळी आणि निळी-पांढरी. वायरमन पुष्कळदा निळीबरोबर नारिंगी घेतो. मग पिळाचा उपयोगच राहत नाही आणि घरभरचा गोंगाट आत येतो. हे मी शेकडो घरांत पाहिलंय. जोडायचंच असेल तर जेली भरलेले कनेक्टर वापरा, पक्कडीने दाबले की पाणी आत जात नाही.

खरं तर मोडेमच ओटीलगत ठेवा आणि माडीवर इथरनेट केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत काही न गमावता चालते.

रेडिओवाला
एक भर घालतो. मोडेमजवळ इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिव्याचं चोक, पंख्याचा रेग्युलेटर असं काही असेल तर तपासा. सेलवर चालणारा छोटा रेडिओ मीडियम वेव्हला, दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि वायरीच्या कडेने फिरवा. मीडियम वेव्ह आणि एडीएसएलचा पट्टा बराचसा एकच आहे, त्यामुळे रेडिओ जिथे घरघरतो तिथे मोडेमलाही त्रास होत असतो. एकेक उपकरण बंद करत गेलात की दोषी सापडतो.

पोफळीची बाग
पंधरा दिवसांनी लिहितेय. काका, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. गावातला वायरमन आला होता. माडीच्या जिन्याखाली एक जोड निघाला, त्याची टेप सोलली तर आत मुंग्यांची माती. तांबं हिरवं पडलेलं, आणि एक तार नखाने जराशी ढकलली तर तुटून हातात आली. तो जोड भिंतीत आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मोडेम आता ओटीच्या कोनाड्यात आहे, माडीवर केबल. डाउनस्ट्रीम ८.५, मार्जिन ९. रेडिओ फिरवला तर माडीवरच्या एका दिव्याजवळ घरघरला, तो दिवा बदलला. फोन उचलल्यावर एकदाही तुटलं नाही. फक्त परवाच्या मोठ्या पावसात तासाभरात तीनदा गेलं, मार्जिन ४ वर आलं होतं.

लाईनवरचा माणूस
हे बाहेरचं. ड्रॉपवायर, म्हणजे खांबावरून घरापर्यंत येणारी वायर, पोफळीला घासतेय का बघा, वाऱ्याने साल झिजते आणि पाणी आत उतरतं. तसंच वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. तक्रार लिहिताना 'नेट चालत नाही' असं लिहू नका. 'कोरड्या दिवशी मार्जिन ९, पावसात ४, घरातलं वायरिंग सोडवूनही तेच' असं लिहा. म्हणजे लाईनमन मोडेम बघून परत जाणार नाही, शिडी घेऊन खांबावर चढेल.

पोफळीची बाग
घासतेय, दोन ठिकाणी. आत्ताच बघून आले. उद्याच तक्रार नोंदवते.